इस्रायलचा शनिवार आणि आपला श्रावण



इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी न शिकवता कळते. ती म्हणजे, महिना सगळ्यांचा एकाच दिवशी लागत नाही. शेजारी सावन सुरू झालेला असतो, महादेवाच्या देवळात रांगा लागलेल्या असतात, आणि आपली आजी सांगत असते, "आपला श्रावण अजून पंधरा दिवसांनी." त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. बडोद्याच्या मंडळींचं आणखी वेगळं. तिथं महिने जुळतात, पण शेजाऱ्यांचं नवं वर्ष दिवाळीनंतर आणि आपलं गुढीपाडव्याला. हैदराबाद-बेळगावकडे पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, म्हणून तिकडच्या मंडळींना हे तितकं जाणवत नसेल. पण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी कधी ना कधी विचारलेलंच असतं, "आपलं वेगळं का?" आणि उत्तर मिळालेलं असतं, "आपलं असंच."

या "आपलं असंच"चं एक फार मोठं रूप मी इस्रायलमध्ये पाहिलं. यजमानांच्या शेतकी संशोधनाच्या कामामुळे २०१०-११ मध्ये आम्ही जवळपास वर्षभर रेहोवोत गावी राहिलो. तिथलं लष्कर, ठिबक सिंचन, राजकारण यावर लोक पुष्कळ लिहितात. मला लिहायचंय ते तिथल्या वेळेबद्दल. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना वाटतं की ज्या समाजाला वेळेची किंमत आहे तो घड्याळावर चालतो. इस्रायलमध्ये तसं मला फारसं दिसलं नाही. तिथं वेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून कधी थांबायचं याचा हिशोब. त्या थांबण्यात त्यांचं बळ आहे, आणि त्यांच्यातली बरीचशी भांडणंही तिथूनच निघतात. माझं मत असं की हे दोन्ही आपण नीट समजून घ्यावं, कारण आपणही आपापल्या गावात वेगळी तिथी सांभाळणारी माणसं आहोत.

आधी त्यांचा आठवडा सांगते. हिब्रूत वारांना ग्रहांची नावं नाहीत. रविवार म्हणजे "योम रिशोन", पहिला दिवस. सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, असं शुक्रवारपर्यंत सहावा. नाव फक्त सातव्याला आहे, शब्बाथ. सहा दिवस नुसते मोजत सातव्याकडे जायचं. शाळा-कचेऱ्या रविवारी सकाळी उघडतात. आमचे हे पहिल्या रविवारी डबा घेऊन कामाला निघाले, तेव्हा मला कसंतरीच झालं. इंदूरला ती निवांत पोहे-जलेबीची वेळ!

शुक्रवारी दुपारपासून गाव आवरायला लागतं. दुकानदार शटर ओढतात, लोक फुलं, पाव आणि जाडजूड पुरवण्यांची वर्तमानपत्रं घेऊन घरी पळतात, शेवटची बस निघून जाते. शब्बाथ किती वाजता "येणार" आणि किती वाजता "जाणार" हे गावागावाप्रमाणे मिनिटासकट छापलेलं असतं, आपल्याकडे ग्रहणाच्या वेळा छापतात तसं. यरुशलेममध्ये सूर्यास्ताच्या ४० मिनिटं आधी मेणबत्त्या लावायची रीत आहे, बऱ्याच ठिकाणी १८ मिनिटं आधी. त्यानंतर कडक पाळणारे लोक दिव्याच्या बटणालाही हात लावत नाहीत. त्यासाठी "शब्बाथचं घड्याळ" मिळतं. ते आधी लावून ठेवलं की दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. मोठ्या इमारतींत शब्बाथची लिफ्ट असते. ती बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपला.

दिवस मावळतीला सुरू होतो हे अंगवळणी पडायला मला वेळ लागला. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री, आणि त्यांचा सण आदल्या दिवशीच्या सूर्यास्ताला लागतो. महिने मात्र आपल्यासारखेच चांद्र. आणि चांद्रवर्ष ऋतूंच्या मागं पडू नये म्हणून आपण जसा अधिक मास धरतो, तसा तेही १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढवतात. फरक एवढाच की आपला अधिक महिना वेगवेगळ्या जागी येतो आणि त्यांचा ठरलेला आहे. अदार नावाचा महिना त्या वर्षी दोनदा येतो. आम्ही होतो ते त्यांचं ५७७१ वं वर्ष नेमकं तेरा महिन्यांचं होतं. अधिक मासाबद्दल मला आधीच सगळं ठाऊक आहे हे पाहून शेजारीणबाईंना फार आश्चर्य वाटलं होतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं धार्मिक लोकांचं. तसं नाही. इस्रायलमध्ये देवधर्म न मानणारे ज्यू पुष्कळ आहेत. शनिवारी समुद्रकिनारे भरलेले असतात, तेल अवीवचे कॅफे उघडे असतात. पण किनाऱ्यावर जाणारा माणूससुद्धा शुक्रवारी रात्री आईकडे जेवायला असतो. आमच्या इमारतीतला एक तरुण स्वतःला नास्तिक म्हणवायचा. त्याची शुक्रवारची जेवणं मात्र कधी चुकली नाहीत. अहद हाअम नावाचे एक जुने विचारवंत होते. ते स्वतः कर्मठ नव्हते. त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की ज्यूंनी शब्बाथ जितका सांभाळला, त्याहून जास्त शब्बाथनं ज्यूंना सांभाळलं. त्या नास्तिक मुलाकडे पाहून मला ते पटायचं.

या विषयावर इस्रायलमध्येच जन्मलेल्या एव्हियातार झेरुबावेल या समाजशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये आठवड्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यांचं म्हणणं सोपं आहे. दिवस सूर्यामुळे होतो, महिना चंद्रामुळे, पण सात दिवसांचा आठवडा आकाशात कुठंच नाही. तो माणसांनी एकमेकांत ठरवलेला आहे. म्हणून तर वेगळं व्हायचं असलं की लोक वार बदलतात. ज्यूंचा शनिवार, ख्रिस्ती लोकांचा रविवार, मुसलमानांचा शुक्रवार. यरुशलेमच्या जुन्या शहरात हे तिन्ही वार शेजारी शेजारी नांदतात. एका गल्लीतलं दुकान बंद असतं, तेव्हा पुढच्या गल्लीतलं उघडं असतं.

बारीकसारीक वेळेच्या बाबतीत मात्र ही माणसं आपल्या कल्पनेतल्या परदेशी शिस्तीत बसत नाहीत. रांगेत त्यांना धीर नसतो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं उत्तर सुरू. पाचही बोटांची टोकं जुळवून हात वर धरला की त्याचा अर्थ "रेगा", म्हणजे क्षणभर थांब. हा हात तिथं दिवसातून पन्नास वेळा दिसतो. बसमध्ये तासाच्या ठोक्याला रेडिओचे टूं-टूं आवाज आले की चालक आवाज वाढवायचा आणि बोलणारे गप्प व्हायचे. बातमी साधी निघाली की पुन्हा गलका. त्या दोन मिनिटांच्या शांततेचा अर्थ मला हळूहळू कळला. मागच्या तासाभरात काही झालं तर नाही ना, एवढंच त्यांना ऐकायचं असतं.

मिनिटासाठी उतावीळ असलेली हीच माणसं महिन्याच्या बाबतीत अगदी सैल. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका कचेरीत आम्ही एक साधा कागद मागायला गेलो. उत्तर मिळालं, "आखरे हा-हागीम." म्हणजे सणांनंतर. नवं वर्ष, योम किप्पूर, सुक्कोथ असे ओळीनं सण असतात. त्यात जवळजवळ महिना जातो आणि तोवर कुठलंच काम नव्यानं हाती घेतलं जात नाही. नळ दुरुस्त करणारा तेच म्हणाला, दाताचा डॉक्टरही तेच म्हणाला. आपल्याकडे "गणपती होऊन जाऊ द्या", "दिवाळीनंतर बघू" म्हणतात, अगदी तसं. आमचा कागद ऑक्टोबरात मिळाला. यजमान चिडले होते. मला मात्र पहिल्यांदा तिथं घरच्यासारखं वाटलं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण थांबण्याची वेळ सगळ्या देशाची झाली की ती कायद्यात येते आणि राजकारणात येते. १९५१ च्या कामाच्या तासांच्या कायद्यानं आठवड्याला सलग ३६ तासांची विश्रांती ठरवली. ज्यूंना ती शनिवारी. बाकीच्यांना शुक्रवार, शनिवार किंवा रविवार यांतला आपला वार. कागदावर हे न्याय्य आहे. पण शनिवारी बहुतेक गावांत बस नाही, रेल्वे नाही, एल अल या मोठ्या विमान कंपनीची उड्डाणं नाहीत. ज्याच्याकडे गाडी आहे तो किनाऱ्यावर जातो, नाही तो घरी बसतो. हैफासारख्या मिश्र वस्तीच्या शहरात पहिल्यापासून काही बस शनिवारी चालत आल्या आहेत. तेल अवीवनं २०१९ मध्ये शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत मोफत बस सुरू केल्या आणि त्यावरूनही वाद झाला.

सरकारसुद्धा या वारावरून अडचणीत आलंय. १९७६ च्या डिसेंबरात अमेरिकेहून पहिली एफ-१५ विमानं आली, तो शुक्रवार होता. स्वागत समारंभ इतका लांबला की पाहुण्यांना शब्बाथ लागायच्या आत घरी पोचणं शक्य नव्हतं. धार्मिक पक्षांनी अविश्वासाचा ठराव आणला, आघाडीतल्या धार्मिक पक्षाच्या लोकांनी सरकारला मत दिलं नाही, पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी त्यांचे मंत्री काढले आणि स्वतः राजीनामा दिला. निवडणूक १९७७ च्या मे महिन्यावर आली. तीत देशाच्या स्थापनेपासून सत्तेत असलेला पक्ष पहिल्यांदा हरला. हरण्याची इतर कारणं होतीच. पण निमित्त एका शुक्रवारच्या संध्याकाळचं. आणि मुळात देशाची घोषणासुद्धा शुक्रवारीच झाली. ब्रिटिशांची सत्ता १४ मे १९४८ च्या मध्यरात्री संपायची होती. पण तोवर शब्बाथ लागला असता, म्हणून घोषणा दुपारी ४ वाजता उरकली.

माझ्या डोळ्यांसमोर झालेलं भांडण घड्याळाचं होतं. उन्हाळ्यात तिथं घड्याळ एक तास पुढं करतात. त्या वर्षी १२ सप्टेंबरलाच, ऐन उकाड्यात, ते परत मागं आणलं, कारण योम किप्पूरचा उपास आठवड्यावर आला होता. उपास जवळजवळ २५ तासांचाच राहतो, घड्याळ कुठंही असलं तरी. फक्त सुटतो तेव्हा सातऐवजी सहा वाजलेले दिसतात. तेवढ्यासाठी सगळ्या देशाची संध्याकाळ लवकर काळोखात गेली, म्हणून लोक चिडले होते. शेवटी २०१३ मध्ये कायदा बदलला आणि उन्हाळ्याची वेळ ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत चालू लागली. सण मोठा होताच, पण त्यासाठी दुसऱ्यांचं घड्याळ हलवायचं का, हा प्रश्नही खराच होता.

आता भोंग्यांबद्दल. वर्षातून दोनदा सगळ्या देशात भोंगा वाजतो. नाझींनी मारलेल्या साठ लाखांच्या स्मरणदिनी सकाळी १० वाजता दोन मिनिटं. पुढच्याच आठवड्यात, युद्धांत गेलेल्यांच्या स्मरणदिनी, आदल्या रात्री ८ वाजता एक मिनिट आणि सकाळी ११ वाजता दोन मिनिटं. हमरस्त्यावरच्या गाड्या थांबतात, माणसं दार उघडून बाहेर येऊन उभी राहतात. भाजी घेणारी बाई पिशवी हातात धरून उभी. मी बाजारात होते, मीही उभी राहिले. आणि त्याच दिवशी सूर्य मावळला की स्वातंत्र्यदिन लागतो. अर्ध्यावर आणलेला झेंडा वर जातो आणि रस्त्यात नाच सुरू होतो. दुःखाला आणि आनंदाला मधे एक रात्रसुद्धा नाही. ज्यांचा मुलगा गेलाय त्यांना ही संध्याकाळ फार जड जाते, असं तिथले लोकच सांगतात.

त्या दोन मिनिटांत सगळे उभे राहतात, असं मात्र नाही. कर्मठ वस्त्यांमधले काही जण ही रीत परकी मानून चालत राहतात. आणि देशाच्या लोकसंख्येत पाचवा हिस्सा असलेले अरब नागरिक? १९४८ हे वर्ष त्यांच्यासाठी नकबा आहे, म्हणजे घरदार-गावं गेल्याचं वर्ष. ज्या दिवशी शेजारी नाचतो त्या दिवशी त्यांच्यातले बरेच जण आपल्या मोडून गेलेल्या गावांकडे चालत जातात. एकच तारीख, एकच रस्ता, आणि दोन वेगळ्या वेळा. सगळ्यांनी मिळून थांबण्याचं मला कौतुक आहे. पण "सगळे" कोण, हे विचारल्याशिवाय ते कौतुक पुरं होत नाही.

तिथल्या माणसाचं आयुष्यही वेगळ्या टप्प्यांनी मोजलं जातं. आपल्या मुलांचं बारावी, कॉलेज, नोकरी. त्यांचं १८ व्या वर्षी सैन्य, मुलांना अडीच वर्षांहून जास्त, मुलींना दोन वर्षं. त्यानंतर काही महिने लांबचा प्रवास, मग शिक्षण. गोव्याच्या मंडळींनी हरमलच्या किनाऱ्यावर ही मुलं पाहिलीच असतील. तिथून ती हंपीला जातात, मग हिमाचलात. दिवसभर काही न करता बसलेली ती मुलं आळशी वाटतात खरी. पण दोन-तीन वर्षं प्रत्येक मिनिट दुसऱ्याच्या हुकमात काढल्यावर जी पहिली रिकामी वेळ मिळते, ती घालवायला ती आपल्याकडे आलेली असतात. परत गेल्यावर राखीव दलाचं बोलावणं चाळिशीपर्यंत येतच राहतं. घराघरात हा हिशोब असतो. लग्न, परीक्षा, नोकरी, सगळं "बोलावणं आलं नाही तर".

आणि काही गावांत वेळ सेकंदात मोजतात. रॉकेटचा भोंगा वाजल्यापासून आडोसा गाठायला सदेरोतमध्ये १५ सेकंद, तेल अवीवमध्ये साधारण दीड मिनिट. सणाच्या थांबण्याला हीच दुसरी बाजू आहे. ६ ऑक्टोबर १९७३ ला, योम किप्पूरच्या दुपारी, सगळा देश उपास धरून बसलेला असताना इजिप्त आणि सीरियानं हल्ला केला. रेडिओसुद्धा बंद होता. पण त्याच थांबण्यामुळे राखीव सैनिक घरात नाहीतर प्रार्थनेत सापडले, आणि रिकाम्या रस्त्यांवरून लवकर पोचले. ५० वर्षं आणि एक दिवसानंतर, ७ ऑक्टोबर २०२३ ला, पुन्हा शब्बाथ होता आणि सणही होता. हमासनं सुमारे १२०० माणसं मारली आणि २५१ जणांना धरून नेलं. ओलिसांचे आईवडील छातीवर चिकटपट्टी लावून तीवर रोज दिवसांचा आकडा लिहायचे. आज ४०, उद्या ४१. पलीकडे गाझात हजारो-हजारो माणसं मारली गेली आणि तिथल्या आयांनीही दिवस मोजलेच. मोजण्याचं दुःख कुणा एकाचं नसतं.

आता आपल्या भाषेकडे येते. कोकणात, रायगडच्या गावांतून, शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारी एक जमात होती. बाकी तेल्यांसारखीच, मराठी बोलणारी, गावावरून आडनाव लावणारी. फक्त शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून लोक त्यांना "शनवार तेली" म्हणायचे. हे बेने इस्राएल. हिब्रू भाषा जवळजवळ विसरलेले, ग्रंथ हरवलेले, बाहेरच्या ज्यूंशी संबंध तुटलेले. पण वार टिकला, आणि काही सण टिकले, तेही मराठी नावांनी. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला त्यांचा इतिहास आहे. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण ही नावं त्यात सापडतात. पुरीमला ते होळीचा सण म्हणत, कारण तो त्याच पौर्णिमेच्या सुमारास येतो. २०११ मध्ये आमची धुळवड आणि तिकडचं पुरीम एकाच दिवशी आलं होतं, तेव्हा मला हे नाव कसं पडलं असेल ते कळलं.

१९४८ नंतर यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. रेहोवोतजवळच्या रामलेत त्यांची बरीच वस्ती आहे, हिंदुस्थानी सामानाची दुकानं आहेत. तिथं पोहे घ्यायला गेले असताना मूळ अलिबागच्या एका आजी भेटल्या. माझं मराठी ऐकून म्हणाल्या, "इंदूरची? मग तुझं मराठी असं का गं हिंदीसारखं?" मी म्हटलं, "आजी, तुमच्याही मराठीत हिब्रू आलंय की." त्या हसल्या. मग शनिवारचा विषय निघाला. त्यांचं एक वाक्य मला पक्कं आठवतं. "तिकडं शनवार आमचा होता. इकडं शनवार सरकारचा आहे."

तक्रार नव्हती त्यांची. आपल्या लोकांच्या देशात आल्याचं समाधान होतं. पण त्यांनी सांगितलं की तिकडे शनिवार पाळण्यासाठी बाजारचा दिवस बुडायचा, गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं, तरी वडील घाणा बंद ठेवायचे. त्यामुळे पोरांना कळायचं की हे काहीतरी मोलाचं आहे. इकडे सगळंच बंद असतं, त्यात पाळायचं ते काय? आणि ज्या वारामुळे कोकणात त्यांना कुणीही ओळखलं, तो वार इस्रायलमध्ये ओळखीला पुरला नाही. १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी पिढ्यांपिढ्यांची चौकशी करायचा आदेश काढला. दोन हजार वर्षं शनिवार पाळलेल्यांना "तुम्ही खरे ज्यू का?" असं विचारलं गेलं. त्यांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये संसदेनं ठराव करून सांगितलं की ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत. आज ते तिथं मालिदा करतात, महाराष्ट्र दिन साजरा करतात, "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथं चालवलं. तिकडे शनिवारमुळे वेगळे होते, इकडे मराठीमुळे.

माझं मत मी त्या आजींच्या वाक्यावर उभं करते. वेळ स्वतःच्या खर्चानं पाळली की ती माणसाला सांभाळते. ती सरकारनं पाळायला लावली की ज्यांची आहे त्यांना तिची किंमत कळेनाशी होते, आणि ज्यांची नाही त्यांना ती बोचते. इस्रायलनं दोन्ही दाखवलंय.

आपल्यातले काही जण हे वाचून म्हणतील, "बघा, ते कसे कडक आहेत, आपणही सण सक्तीनं पाळायला लावले पाहिजेत." काही म्हणतील, "बघा, धर्मानं वेळ ठरवली की असा घोळ होतो, सगळं घड्याळावर आणा." मला दोघांचं पटत नाही. पहिल्यांनी शनवार तेल्यांकडे पाहावं. त्यांनी गावाचा बाजार कधी बंद पाडला नाही, फक्त आपला घाणा थांबवला. दुसऱ्यांनी त्या नास्तिक मुलाचं शुक्रवारचं जेवण आठवावं.

आपल्याकडे गेल्या वीसेक वर्षांत काय झालंय? आमच्या इंदूरच्या मंडळात हळदीकुंकू आता "सोयीच्या रविवारी" होतं. पाडव्याचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी ढकलतात. हॉल मिळतो, मुलांना सुट्टी असते, गर्दी होते, हे सगळं खरं. सोय वाईट नाही. नोकरी करणाऱ्या सुनांना मंगळवारी दुपारी तीनला या म्हणण्यात काही अर्थ नाही. पण सगळेच सण सोयीच्या वारी गेले, तर मुलांना कार्यक्रम आठवेल, तिथी आठवणार नाही. आणि तिथी गेली की "आपला श्रावण अजून पंधरा दिवसांनी" हे वाक्य सांगणारं घरात कुणी उरणार नाही. भाषा आपली आधीच निम्मी गेलीय. नातवंडं हिंदीत, गुजरातीत, कानडीत, इंग्रजीत उत्तर देतात. त्यांना ऐकू येणाऱ्या मराठीपेक्षा त्यांना दिसणारी आपली वेळ कदाचित जास्त टिकेल. बेने इस्राएलांची हिब्रू गेली होती, वार गेला नव्हता.

म्हणून माझं सांगणं अगदी छोटं आहे. प्रत्येक घरानं वर्षातली एक वेळ अशी ठेवावी जी सोयीसाठी हलवायची नाही. मग तो पाडव्याच्या सकाळचा कडुनिंब असो, श्रावणी सोमवारचं संध्याकाळचं जेवण असो, की रोज दिवेलागणीला पाच मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसणं असो. देव मानत असाल तर हात जोडा, नसाल मानत तर नुसते बसा. पण फोन बाजूला, आणि त्या वेळी दुसरं काही नाही. थोडी गैरसोय होईल. ती होऊ द्या, मुलांना तेवढीच दिसते. आणि शेजाऱ्यानं आपल्यासाठी थांबावं अशी अपेक्षा ठेवू नका. त्याचा सावन त्याला, आपला श्रावण आपल्याला. एकमेकांच्या घरी प्रसाद गेला-आला म्हणजे झालं.

आमच्या घरी ती वेळ नागपंचमीची आहे. उत्तरेत आणि आपल्याकडे ती एकाच दिवशी येते, पण त्यांचा महिना कधीच सुरू झालेला असतो आणि आपला जेमतेम लागलेला. नातीला दरवर्षी ते समजावून सांगावं लागतं, आणि ती दरवर्षी विसरते. मी पुन्हा सांगते.

तुमच्या घरी अशी कुठली वेळ अजून हललेली नाही? बडोदा, बेळगाव, हैदराबाद, गोवा, जिथं असाल तिथलं लिहा. आणि आजीनं तिचं काय कारण सांगितलं होतं, तेही आठवत असेल तर नक्की लिहा.